एक्केचाळीस मुलं आणि एक कोरा रकाना

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत मराठी शिकवणाऱ्या, दहावी ‘ब’च्या वर्गशिक्षिका असलेल्या बाईंचं हे पत्र आहे. वर्गात ४१ मुलं. गेली अकरा वर्षं त्या निरोप समारंभासाठी प्रत्येक मुलावर दहा-बारा ओळींचं शब्दचित्र लिहितात, समारंभात वाचून दाखवतात आणि तो कागद मुलाच्या हातात देतात. यंदा संस्थेने त्याची छापील पुस्तिका काढायचं ठरवलंय. वर फोटो, मध्ये शब्दचित्र, खाली ‘भावी संकल्प’ असा रकाना. त्यासाठी मुलांकडून चिठ्ठ्या मागवल्या. १७ जणांनी भरती लिहिलं, ९ जणांनी डॉक्टर, ५ जणांनी इंजिनियर. एकाने ‘ट्रॅक्टर ड्रायव्हर’ लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत येऊन ‘इंजिनियर छापा’ असं सांगून गेले. वर्गात कायम पहिली येणाऱ्या मुलीने चिठ्ठीत डॉक्टर लिहिलं आणि बाईंना एकटं गाठून सांगितलं, की तिला कला शाखेला जायचंय. पूर्वपरीक्षेत गणित आणि विज्ञानात नापास झालेल्या एका मुलाने चिठ्ठीच दिली नाही. एका मुलीची चिठ्ठी कोरी आली. मैत्रिणीकडून कळलं, की मामा तिच्यासाठी स्थळ बघतायत. शेवटी बाईंनी लिहिलंय, “सहा-सात मुलं अशी आहेत, की त्यांच्याबद्दल मला काही सुचतच नाही. दोन वर्षं ती माझ्यासमोर बसली आणि माझ्याकडे लिहायला काही नाही, याची लाज वाटते. खोटं लिहू? की यंदा हे सगळं बंदच करू?”

ताई,

बंद करू नका. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचताना मला सारखी धास्ती वाटत होती, की माझं उत्तर पोचेपर्यंत तुम्ही ती वही कपाटात टाकून द्याल. दहावीच्या पोराच्या हातात या काही महिन्यांत किती कागद पडतात बघा. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका, हॉल तिकीट, पुढे गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. सगळ्यांवर त्याचं नाव असतं, काहींवर आईचं नाव असतं, जन्मतारीख असते. तो पोरगा कसा आहे, हे त्यातल्या एकावरही नसतं. दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ एवढं येतं, आणि ते सगळ्यांच्याच दाखल्यावर येतं. तुमचा कागद तेवढा एकच आहे, ज्यात कोणीतरी त्याच्याकडे नीट बघून चार वाक्यं लिहिलेली असतात.

मीही एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं अशी शब्दचित्रं लिहिली. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी बाहेरून बघू शकत नाही. एक गोष्ट सांगते.

एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. ८६ टक्क्यांच्या आसपास जाणारा, अक्षर मोत्यासारखं, वडील नाहीत, आई शिवणकाम करायची. मी त्याच्या कागदावर शेवटची ओळ लिहिली, ‘आमच्या शाळेचा उद्याचा डॉक्टर’. टाळ्या पडल्या. आईने तो कागद घडी घालून पदराला बांधलेला मी पाहिला. पोरगा विज्ञान शाखेला गेला आणि बारावीला अडखळला. त्यानंतर तो शाळेच्या रस्त्याने कधी गेला नाही. किती वर्षांनी एकदा, मी भाजीची रोपं घ्यायला एका रोपवाटिकेत गेले, तर गल्ल्यावर तोच. उठून उभा राहिला, पाणी दिलं, टोमॅटोचे ट्रे स्वतः उचलून रिक्षात ठेवले. पैसे घेईना. निघताना म्हणाला, “बाई, तुमचा कागद अजून आईच्या ट्रंकेत आहे. मी तिला तो काढू देत नाही.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. आणि घरी येताना मला आठवलं, की शाळेच्या मागच्या वाफ्यात आंब्याची कलमं बांधली होती, तेव्हा कुठलं कलम धरलंय आणि कुठलं वाया गेलंय हे माळ्याआधी या पोराला कळायचं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कौतुकही केलं होतं. लिहिलं मात्र नाही, कारण ‘पुढे काय होणार’ हे लिहायच्या नादात ‘आज काय आहे’ ते माझ्या नजरेतून सुटलं. तो कागद मी पाहिलेलंच लिहून दिला असता, तर त्याला आज तो दुकानात फ्रेम करून लावता आला असता.

म्हणून मला वाटतं, तुमची खरी अडचण मुलांमध्ये नाही, त्या रकान्यात आहे. तुम्ही गृहीत धरलंय, की प्रत्येक मुलाकडे आत्ता जानेवारीत एक संकल्प असायला हवा, आणि नसेल तर ती उणीव आहे. जरा विचार करा. दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो. अकरावीची प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाली, आणि तिच्या अर्जातसुद्धा मुलाला दहापर्यंत कॉलेजांचे पसंतिक्रम भरता येतात. सरकारी अर्ज पोराला दहा जागा देतो आणि आपण त्याला एकच ओळ देतो, तीही छापील, तीही फोटोखाली, तीही सगळ्या गावासमोर. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मन बदलणं हा मुलाचा हक्क आहे. छापलेल्या रकान्यामुळे तो हक्क वापरला, की पोराला हरल्यासारखं वाटायला लागतं.

‘शाळेचं नाव उज्ज्वल करेल’, ‘आईवडिलांच्या कष्टाचं चीज करेल’ ही वाक्यंही मी तुम्हाला वगळायला सांगेन. त्यांत प्रेम आहे, मला ठाऊक आहे. पण पोराच्या कानांनी ऐकून बघा. निरोपाच्या दिवशी, परीक्षा दोन-तीन आठवड्यांवर असताना, आपण त्याच्या खिशात एक कर्जाची चिठ्ठी घालतो. घरी आईवडील रोज हेच बोलतायत. शाळेने तरी त्या दिवशी काही मागू नये.

आता त्या सतरा चिठ्ठ्या. भरती लिहिणाऱ्या मुलांविषयी तुम्ही जरा खट्टू होऊन लिहिलंय, “सगळ्यांचं एकच”. मला तसं वाटत नाही. सतरा जणांनी एकच शब्द लिहिला, पण त्यामागे सतरा वेगळी घरं आहेत. एखाद्याचा चुलतभाऊ फौजेत आहे. एखाद्याला फक्त घरातून लवकर कमावतं व्हायचंय. एखाद्याला दुसरं काय लिहायचं ते कळलं नाही, म्हणून शेजारच्याचं बघून लिहिलं. त्यांना बोलवा आणि ‘का’ असं विचारू नका, ‘का’ला मुलं पाठ केलेलं उत्तर देतात. विचारा, की सकाळी किती वाजता उठतोस, कुठल्या रस्त्याला पळतोस, बरोबर कोण असतं. जो खरंच पळतो, तो तुम्हाला ओढ्यापर्यंतचं अंतर आणि वाटेतल्या कुत्र्यांचं सगळं सांगेल. त्याच्यावर लिहायला तेवढं पुरेसं आहे. शिवाय वर्गशिक्षिका म्हणून त्यांना दोन गोष्टी माहीत आहेत का, तेही बघा. पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते आणि वय १८ पूर्ण लागतं. मैदानात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. अग्निवीरच्या जनरल ड्यूटीला दहावी चालते, पण एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ हवेत. ‘भरतीला जायचंय, मग गणित कशाला’ म्हणणाऱ्या पोराला हा आकडा परीक्षेआधी कळला, तर तुमच्या शब्दचित्रापेक्षाही जास्त उपयोग होईल.

ट्रॅक्टरवाला मुलगा मला फार आवडला. सगळ्या वर्गात त्याने एकट्याने चिठ्ठीत खरं लिहिलं असावं, असं वाटतं. पण त्याच्या वडिलांनाही मी चूक म्हणणार नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसाला मुलाच्या फोटोखाली ‘ड्रायव्हर’ वाचताना काय वाटत असेल, हे आपण पगारी माणसांनी समजून घ्यायला हवं. त्यांना पोराची लाज वाटत नाही, लोक काय म्हणतील याचं भय आहे. म्हणून ‘इंजिनियर’ही छापू नका आणि ‘ड्रायव्हर’ही. त्याला जे येतं ते लिहा. नांगरटीला फाळ किती खोल सोडायचा, चढावर ट्रॉली भरलेली असताना गिअर कधी बदलायचा, आवाजावरून इंजिनचं दुखणं कसं ओळखायचं, यातलं काय त्याला येतं ते त्याच्याकडून ऐका आणि त्याच्याच शब्दांत उतरवा. ते वाचताना वडिलांची मान खाली जाणार नाही. नंतर कधीतरी दोघांना एकत्र बसवून सांगा, की आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड असतो, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा असतो, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमानंतर इंजिनियरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. म्हणजे वडिलांचा शब्द आणि पोराचा ट्रॅक्टर एकाच रस्त्यावर येऊ शकतात. येतीलच असं नाही. पण हे दोघांना माहीत असलं, की घरातलं भांडण तरी निवळेल.

पहिल्या येणाऱ्या मुलीने तुम्हाला जे सांगितलं, ते तिने तुमच्याजवळ ठेवायला दिलंय. छापू नका, माइकवर सूचकपणे बोलू नका, आणि तिच्या आईला ‘मला काहीतरी माहीत आहे’ असं जाणवूही देऊ नका. कला शाखेला जाण्याची गोष्ट तिच्या घरी तिच्या तोंडून जायला हवी. तशीच ‘भावी डॉक्टर’ ही ओळही नको, कारण तुम्हाला खरं कळलेलं असताना ती लिहिली, तर तिचा तुमच्यावरचा विश्वास जाईल. तिच्या चिठ्ठीतलं उत्तर जगासाठी होतं. तुम्ही तिच्या वाचनाविषयी लिहा. तिने कुठल्या धड्यावर तुमच्याशी वाद घातला, कुठल्या कवितेला वर्ग हसला तेव्हा ती हसली नाही, याविषयी लिहा. आणि एखाद्या शनिवारी तिच्याबरोबर बसून, घरी हे कसं सांगायचं याची तयारी करून घ्या. कला शाखेतून पुढे कुठली कुठली दारं उघडतात, हे तिला नावानिशी सांगता आलं पाहिजे. ‘मला आवडतं’ एवढ्यावर आपल्याकडची घरं ऐकत नाहीत, हे तुम्हीही जाणता.

आता ज्या ओळीशी मी सगळ्यात जास्त थांबले, तिच्याकडे येते. सहा-सात मुलांबद्दल काही सुचत नाही.

ताई, याची लाज वाटते हे तुम्ही लिहिलंत, यावरूनच तुम्ही कशा शिक्षिका आहात ते मला समजलं. ४१ मुलांच्या वर्गात दंगा करणारे, पहिले येणारे, भाषणं करणारे आणि कायम रडणारे मिळून आपलं सगळं लक्ष घेऊन जातात. उरलेली मुलं वह्या पूर्ण करतात, वेळेवर येतात, कोणाच्या अध्यातमध्यात नसतात. अशा मुलांवर आपण ‘शांत, होतकरू, मनमिळाऊ’ लिहून मोकळं होतो. ते खोटं नसतं, पण ते कोणाहीबद्दल खरं असतं. तुम्ही लिहिलेल्या कागदावरचं नाव बोटाने झाका आणि बाकावरच्या जोडीदाराला वाचायला द्या. त्याने मूल ओळखलं नाही, तर तो कागद परत लिहायला घ्या.

माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. तिसरी रांग, खिडकीकडची जागा, दोन वर्षांत माझ्याशी स्वतःहून बोललेलं एक वाक्य मला आठवेना. मी शेवटी आमच्या शिपाईमामांना विचारलं. ते लगेच म्हणाले, “ती व्हय? मधल्या सुट्टीची घंटा झाली की मागं जाऊन सगळ्या तोट्या बंद करून येती. पोरं तशीच सोडत्यात. मी तिला कदी सांगितलं न्हाई.” मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. खरंच. पाच तोट्या. एकेक हाताने घट्ट करायची, पाचवीची वायसर गेली होती, तिला चिंधी बांधायची आणि तासाला येऊन बसायची. तिच्या कागदावर मी फक्त तेवढंच लिहिलं. दुष्काळी भागातली शाळा ती, पाणी टँकरचं. समारंभात मी ते वाचलं, तेव्हा सगळी मुलं मागे वळून तिच्याकडे बघायला लागली आणि ती पहिल्यांदा मान वर करून बसली.

तेव्हा मुलांना थेट विचारून फार काही हाती लागणार नाही. त्यांना स्वतःबद्दल सांगण्याची सवय नसते आणि ‘तुझी स्वप्नं काय’ म्हटलं, की ती अवघडतात. दुसरीकडे विचारा. शिपाईमामांना, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना, एसटीच्या त्या ठरलेल्या कंडक्टरला, खेळाच्या सरांना. बाकावरच्या जोडीदाराला विचारा, की हा नसला तर तुला काय चुकल्यासारखं वाटेल. हजेरीपट उघडून बसा. कोण आठवडी बाजाराच्या दिवशी गैरहजर असतं, कोण ऊसतोडीच्या हंगामात आजीकडे राहून शाळा करतं, कोण दोन वर्षांत एकदाही गैरहजर नाही, हे त्यात सगळं लिहिलेलं आहे. आपण ते फक्त टक्केवारी काढायला वापरतो. जुने निबंध काढा. ‘माझा आवडता ऋतू’ अशा ठरीव निबंधातसुद्धा कुठेतरी एक वाक्य गाइडमधलं नसतं. तेवढं एक वाक्य त्या मुलाचं असतं. आणि एक तास दुसऱ्या कोणाला तरी शिकवू द्या, तुम्ही शेवटच्या बाकावर जाऊन बसा. तिथून वर्ग वेगळाच दिसतो.

एवढं करूनही एखाद्याबद्दल काही हाती लागलं नाही, तर त्याला बोलावून खरं सांगा. “दोन वर्षं झाली आणि मी तुला नीट ओळखत नाही, ही माझी चूक आहे. जरा बसतोस का माझ्याबरोबर?” मी हे दोनदा केलंय. एकदा पोरगा लाजून पळून गेला. दुसऱ्या वेळी एक पोरगी पाऊण तास बोलली आणि मला तिच्यावर दहा ओळींत मावेना.

आता ज्या मुलाने चिठ्ठीच दिली नाही, तो. त्याच्याविषयी लिहिताना तुम्ही पत्रात एक वाक्य सहज टाकून गेलात, की “शाळेची बेल बंद पडली की त्यालाच शोधतात”. त्याचं शब्दचित्र तिथेच आहे. बेल कधी बंद पडली, त्याने काय काय उघडलं, कुठली वायर कुठे जोडली, स्टूल कोणी धरलं होतं, असं सगळं बारीकसारीक लिहा. मात्र ‘अभ्यासात मागे असला तरी’ अशी सुरुवात करू नका. हा ‘तरी’ फार वाईट शब्द आहे. पुढचं सगळं कौतुक त्याने फिकं पडतं. त्याने चिठ्ठी दिली नाही, कारण त्याला वाटतंय की नापास होणाऱ्याने पुढचं बोलू नये. म्हणून त्याला एकटं बसवून सांगा, की एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, निकालानंतर जून-जुलैच्या सुमाराला पुरवणी परीक्षा होते, आणि आयटीआयचे वेल्डरसारखे काही ट्रेड दहावी नापास मुलालाही खुले असतात. त्याच वेळी गणिताच्या सरांना गाठून, पासापुरते गुण कुठल्या प्रकरणांतून मिळतील ते त्याला काढून द्यायला सांगा. अजून वेळ आहे. इलेक्ट्रिशियनला आणि डिप्लोमाला दहावी पास लागते आणि हे पोरगं तिकडे जाण्यासारखं आहे.

मुख्याध्यापकांशी आणि संस्थेशी रकान्याबद्दल बोलताना वाद घालू नका, पर्याय घेऊन जा. ‘भावी संकल्प’च्या जागी ‘आज माझ्या मनात’ असं शीर्षक ठेवा आणि तिथे मुलाने स्वतःच्या अक्षरात एक-दोन ओळी लिहाव्यात. त्या स्कॅन करून जशाच्या तशा छापा, शुद्धलेखनाच्या चुकांसह. ज्याला लिहायचं नसेल, त्याने चित्र काढावं, सही करावी किंवा जागा मोकळी सोडावी. पुरेशा मुलांनी सही किंवा चित्र दिलं, की कोरी जागा कोणाची वेगळी दिसणार नाही. मुलांच्या स्वतःच्या शब्दांवर माझा फार विश्वास आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापला गेला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची पोर. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने स्वतः लिहिलं. ती पुढे कोण होईल, याविषयी त्या वेळी कोणी काय म्हणालं, ते आपल्याला शोधावंही लागत नाही. तिचे शब्द आहेत, म्हणून ती आपल्याला दिसते.

काही बारक्या गोष्टी, ज्या तुमच्यासारखं लिहिणाऱ्या इतर शिक्षकांनाही उपयोगी पडतील. सगळ्यांच्या ओळी सारख्या ठेवा. मुलं ओळी मोजतात, घरी गेल्यावर पालकही मोजतात. ४१ शब्दचित्रं दीड-दीड मिनिटात वाचली, तरी तास उलटून जातो आणि पंचविसाव्या मुलापासून पुढे कोणी ऐकत नाही. शेवटची मुलं कायम आडनावाच्या क्रमाने शेवटचीच असतात, म्हणून प्रत्येकाची एकच ओळ वाचा आणि कागद हातात द्या, किंवा हजेरीचा क्रम उलटा करा. छापण्याआधी प्रत्येक मुलाला त्याचा कागद एकट्याला वाचायला द्या आणि एक ओळ खोडण्याचा अधिकार द्या. कोणी का खोडली ते विचारू नका. घरची गरिबी, वडिलांचं व्यसन, आईचं आजारपण, यातलं काही ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात’ अशा भाषेतही येऊ देऊ नका. ते त्या मुलाचं खाजगी आहे. पुस्तिकेची पीडीएफ व्हॉट्सअपवर फिरणार हे धरून चला, म्हणून फोटोबरोबर गावाचा पत्ता, फोन नंबर असलं काही नको.

पालक हे वाचत असतील, तर त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे, की त्या दिवशी घरी आलेला कागद पुन्हा एकदा, मोठ्याने, मुलासमोर वाचा. पुढची टक्केवारीची गोष्ट त्या संध्याकाळपुरती काढू नका.

कोऱ्या चिठ्ठीची मुलगी मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिच्यावरचं वाचून झालं, की तुम्ही हे बाजूला ठेवून उठावं असं मला वाटतं. बाकी सगळ्या मुलांबद्दल मी तुम्हाला सबुरीने घ्या म्हटलं, इथे म्हणणार नाही. तिचं वय १५-१६ असणार. १८च्या आत मुलीचं लग्न लावणं २००६च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि नुसतं स्थळ बघणं चालू आहे तोवरच थांबवणं सोपं असतं. परीक्षा संपली, की मुलगी शाळेच्या नजरेआड जाते. मार्च ते जून या काळात काय काय उरकून टाकलं जातं, हे आपण दोघींनी पाहिलंय.

आधी तिच्याशी बोला, एकटीशी, आणि मैत्रिणीचं नाव मध्ये न आणता. तिला काय हवंय ते ऐका. मग तिच्या आईकडे जा. आईला बहुतेक वेळा हे नको असतं, पण तिच्या बाजूने बोलणारं घरात कोणी नसतं. कॉलेज लांब, खर्च कसा झेपणार, असं म्हणतील, तर सांगा, की ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. पुढे व्यावसायिक पदवीला जायची वेळ आली, तर आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून सरकार भरतं. मुख्याध्यापकांना आणि शाळेच्या सखी सावित्री समितीला (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेली समिती) आजच कल्पना द्या, म्हणजे सगळा भार तुमच्या एकटीवर राहणार नाही. मामा ऐकेनात, तारीख ठरतेय असं दिसलं, तर गावातला ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला कळवा. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. तो नंबर त्या मुलीलाही पाठ करायला लावा, कागदावर लिहून देऊ नका.

तिच्या शब्दचित्रात यातलं अक्षरही नको. तिचं बीजगणित चांगलं आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती फळ्यावर गणित सोडवताना कुठली पायरी गाळते, डस्टर कुठल्या हातात धरते, तेवढं लिहा. पण ते पुढच्या आठवड्यात लिहिलंत तरी चालेल. आज शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाऊन या. बाकीची चाळीस पानं थांबतील.